हजारो चित्रं काढली आणि तळ्याला दिली! कोल्हापूरच्या अबालाल रहिमान यांची गोष्ट

सध्या इन्स्टाग्राम उघडलं की मंडला आर्टचे रील्स दिसतात. ताण घालवायला वही-पेन घ्यायचं, मध्ये एक ठिपका द्यायचा आणि त्याभोवती नक्षी वाढवत न्यायची. १९१८-१९ च्या सुमारास स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगही रोज वहीत अशा वर्तुळाकृती काढायचे आणि त्यातून स्वतःचं मन तपासायचे.

त्या काळात कोल्हापुरात मंडला कुणी काढत नव्हतं. पण चित्रातच स्वतःला हरवून बसलेला एक माणूस तिथे होता, अबालाल रहिमान.

त्यांचा जन्म १८६० च्या सुमारास झाला. घरात कुराणाच्या सुशोभित हस्तलिखित प्रती तयार करायची परंपरा होती, त्यामुळे रेषा आणि नक्षीशी ओळख लहानपणीच झाली. पुढे ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं.

एवढं यश मिळूनही ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबारचं काम असलं, तरी अबालाल रमले ते निसर्गात. कोटीतीर्थ, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट या नेहमीच्याच जागा ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. जागा तीच, पण ऊन आणि पाणी दर वेळी वेगळं. चित्रं विकून मोठं व्हायची हाव नव्हती. राहणी फकिरासारखी.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले आणि अबालाल यांचा आधारच तुटला. त्या दुःखात त्यांनी आपली हजारो चित्रं कोटीतीर्थ तलावात बुडवली, असं कोल्हापुरात आजही सांगितलं जातं.

तिबेटी भिक्खू वाळूचं मंडल पूर्ण झालं की ते पुसतात आणि वाळू पाण्यात सोडतात. तो त्यांचा विधी असतो, मोह सोडायला शिकवणारा. अबालाल यांच्या बाबतीत मात्र एका माणसाचा शोक होता आणि त्यात कोल्हापूरचा मोठा ठेवा गेला.

१९३१ मध्ये अबालाल यांचं निधन झालं. कोल्हापूरच्या पुढच्या चित्रकारांनी त्यांना आदर्श मानलं. त्यांची उरलेली काही चित्रं टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईच्या दर्शनानंतर थोडा वेळ तिकडेही काढा.