स्पिटफायरचे शिल्पकार : रेजिनल्ड जोसेफ मिचेल

युद्धांतील लढाऊ विमान थोर कशामुळें ठरतें? केवळ वेगामुळें म्हणावें, तर शर्यतीचें विमान लढाईच्या उपयोगी पडत नाहीं. केवळ शस्त्रांमुळें म्हणावें, तर भारानें जड झालेल्या विमानास चपळाईनें वळतां येत नाहीं. वेग, चपळाई, मारा आणि वैमानिकाची सुरक्षितता हे गुण परस्परांस मारक असतात. त्यांचा मेळ घालणें हेंच रचनाकाराचें खरें कसब होय. तें ज्यांनीं साधलें, त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें.

मिचेल यांचा जन्म ता. २० मे १८९५ रोजीं इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत झाला. वडील शिक्षक होते. पुढें ते छापखान्याच्या धंद्यांत शिरले. हॅन्ले येथील हायस्कुलांत शिकून सोळाव्या वर्षीं मिचेल आगगाडीचीं इंजिनें बांधणाऱ्या एका कारखान्यांत उमेदवार म्हणून राहिले. दिवसा कारखान्यांत राबावें आणि रात्रीं रात्रशाळेंत यंत्ररेखन, उच्च गणित व यंत्रशास्त्र शिकावें, असा त्यांचा क्रम होता. १९१७ सालीं ते साउदॅम्प्टन येथील सुपरमरीन कंपनींत दाखल झाले आणि अवघ्या दोन वर्षांत तिचे मुख्य रचनाकार झाले.

त्या काळीं समुद्रविमानांच्या श्नायडर चषकाकरितां राष्ट्राराष्ट्रांत मोठी चुरस असे. १९२५ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें मिचेल यांचें सुंदर एस. ४ विमान शर्यतीपूर्वींच पाण्यांत कोसळलें. वैमानिक बचावला. मिचेल खचले नाहींत. पुढच्या विमानाच्या पंखांना त्यांनीं तारांचा आधार दिला, आणि १९२७, १९२९ व १९३१ सालीं त्यांच्याच विमानांनीं शर्यत जिंकली. १९३१ च्या सप्टेंबरांत त्यांच्या एस. ६ बी विमानानें ताशीं ४०० मैलांची मर्यादा ओलांडली.

परंतु लढाऊ विमानाचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. १९३४ सालीं उडालेल्या त्या विमानाचे पंख जाड व वांकलेले होते, चाकें आंत ओढून घेतां येत नसत, आणि वेगहि अपेक्षेहून कमी पडला. त्याच सुमारास त्यांच्यावर दुसरें संकट कोसळलें होतें. १९३३ सालीं त्यांना कर्करोग झाला व मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. विश्रांति घेणें त्यांना सहज शक्य होतें. त्यांनीं मात्र फसलेली रचना बाजूस सारून नव्यानें आरंभ केला. इतकेंच नव्हे, तर १९३४ सालीं ते स्वतः विमान चालविण्यास शिकले.

नव्या विमानांत रोल्स-रॉइस कंपनीचें मर्लिन इंजिन बसविलें. वेगासाठीं पंख पातळ हवा. पण त्याच पंखांत चाकें व आठ मशीनगन मावावयास हव्यात. सहकारी बेव्हर्ली शेन्स्टन यांच्या साह्यानें लंबवर्तुळाकार पंख योजून हा पेंच सुटला. पंखास टोंकाकडे किंचित् पीळ दिला होता. त्यामुळें उचल सुटूं लागली कीं प्रथम बुंध्याशीं सुटे, विमान थरथरे आणि वैमानिकास वेळींच सूचना मिळे.

ता. ५ मार्च १९३६ रोजीं ईस्टले येथून स्पिटफायरनें पहिलें उड्डाण केलें, व जूनमध्यें सरकारनें ३१० विमानांची मागणी नोंदविली. रोग मात्र पुन्हां बळावला. व्हिएन्नाच्या उपचारांनींहि गुण आला नाहीं. ता. ११ जून १९३७ रोजीं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, मिचेल निवर्तले. मागणीपैकीं एकहि विमान त्यांच्या हयातींत सैन्यास मिळालें नाहीं.

स्पिटफायर निर्दोष नव्हतें. त्याचे पंख बनविण्यास फार वेळ लागे आणि दूरचा पल्ला त्यास झेपत नसे. १९४० सालीं ब्रिटनच्या आकाशांतील लढाईंत हरिकेन विमानांची संख्या त्याहून अधिक होती, हेंहि विसरतां कामा नये. तथापि मूळ रचना इतकी भक्कम होती कीं, जोसेफ स्मिथ यांनीं तींत उत्तरोत्तर सुधारणा केल्या. प्रारंभीं सुमारें १,००० अश्वशक्तीचें इंजिन वाहणाऱ्या ह्या विमानानें पुढें २,००० अश्वशक्तीचेंहि पेललें. एकूण वीस हजारांवर स्पिटफायर बांधलीं गेलीं.

विद्यार्थिमित्रहो, ज्या कामाचें फळ आपल्या दृष्टीस पडणार नाहीं असें ठाऊक असूनहि तें चोख करणें, हीच मनुष्याची खरी कसोटी होय. मिचेल त्या कसोटीस उतरले.