उघड्या दाराची प्रार्थना : पंडिता रमाबाई

चेन्नईहून पुण्याकडे निघालेल्या गाडीतील वाटेवरची स्थानके आपणांपैकी बहुतेकांना तोंडपाठ असतात. रेणिगुंटा, रायचूर, कलबुर्गी, सोलापूर, दौंड. दौंड मागे पडले की मुलांची आवराआवर सुरू होते, आणि त्या गडबडीत केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक कधी निघून जाते ते कळतही नाही. सरकारी नोकरीतील बदल्यांच्या निमित्ताने आम्ही या मार्गाने अनेकदा गेलो. परंतु पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील अत्यंत दारुण आणि अत्यंत कृतार्थ असे दोन्ही कालखंड याच लोहमार्गाच्या आसपास घडले, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

आपले मंडळ आज सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहे. आपणांस जे प्रिय आहे ते पुढील पिढीच्या हाती कसे द्यावे, हा प्रश्न परप्रांती राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबास पडतो. रमाबाईंना तो धर्मश्रद्धेच्या संदर्भात पडला आणि त्याच्या उत्तरासाठी त्यांनी मोठी किंमत मोजली. म्हणून या प्रसंगी त्यांचे स्मरण करावेसे वाटते.

रमाबाईंचा जन्म 1858 साली पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा रूढ दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी धाकट्या रमेस. पहाटेच्या अंधारात आई मुलीला जवळ घेऊन जागी करी व तिच्याकडून श्लोक म्हणवून घेई. श्रद्धा अशीही दिली जाते, हा रमाबाईंचा पहिला अनुभव.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत सारा दक्षिण देश फिरले. तत्कालीन मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा जवळचे सर्व संपले. तिरुपतीच्या परिसरातील रानात, 1874 साली, अनंतशास्त्र्यांनी देह ठेवला. अखेरच्या क्षणी धाकट्या मुलीस हृदयाशी धरून, सन्मार्गाने चाल आणि ईश्वराची सेवा कर, एवढाच ठेवा त्यांनी तिला दिला. थोड्याच काळात आई व थोरली बहीणही गेली. मरणासन्न आईसाठी शेजारणीकडे भाकरीचा तुकडा मागावयास गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. आपण दर्शनाला तिरुपतीस जातो तेव्हा ही सोळा वर्षांची पोर आम्हांस आठवते.

भाऊ श्रीनिवास याच्यासह पायपीट करीत रमाबाई 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ निवर्तला. 1880 साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. 1881 मध्ये कन्या मनोरमा जन्मली, आणि पुढील वर्षी पतीही कालवश झाले. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

येथून खऱ्या प्रश्नास आरंभ होतो. वाँटेजच्या मठातील धर्मभगिनींनी रमाबाईंना आश्रय दिला होता. मनोरमेचे धार्मिक शिक्षण आपल्या पंथाच्या चौकटीतच व्हावे, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. रमाबाईंनी ती मान्य केली नाही. मुलीच्या मनात काय पेरावयाचे हे ठरविण्याचा अधिकार आईचा आहे, असा त्यांचा आग्रह होता. नवा धर्म स्वीकारला म्हणून विचार गहाण टाकावा, हे त्यांना मंजूर नव्हते. पोशाख हिंदी आणि आहार शाकाहारी, हाही त्यांचा बाणा कायम राहिला.

अमेरिकेतून साह्य मिळवून त्या परतल्या व 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीवर त्यांनी शारदासदन उघडले. 1890 साली ते पुण्यास आले. विधवा व निराधार मुलींना शिक्षण द्यावयाचे, धर्मात हस्तक्षेप करावयाचा नाही, अशी हमी होती. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. ज्या मुलीस यावेसे वाटे ती येऊन बसे. पुण्यात काहूर माजले. 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार समितीचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दोष कोणाचा? पालकांची भीती खोटी नव्हती. जिच्याविषयी मुलींच्या मनात अपार कृतज्ञता आहे, तिची प्रार्थनाच मुलींना ओढून घेई. त्यासाठी उपदेशाची गरज नव्हती. परंतु दार लावून घेणे म्हणजे स्वतःची श्रद्धा लपविणे, आणि ते रमाबाईंना अशक्य होते. याच सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा 1893 सालीच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती हिंदूच राहिली. दार उघडे होते ते आत येणाऱ्यांना आणि बाहेर जाणाऱ्यांनाही.

पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली आणल्या. ज्या बालिकांच्या डोळ्यांत त्यांना तिरुपतीच्या रानातील रमा दिसली असेल, त्यांच्यासाठी केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुक्तिसदन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. भुकेल्या मुलीच्या श्रद्धेस निवड म्हणावे काय, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो आम्हांस निराधार वाटत नाही. मात्र तेथे मुली विणकाम, शेतकाम आणि मुद्रणकला शिकल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या, हेही तितकेच खरे. मुक्तिसदन, कृपासदन, प्रीतिसदन ही नावेही आपल्याच भाषेतील राहिली.

या मुलींसाठी रमाबाईंनी अखेरचे मोठे कार्य हाती घेतले. मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना उमगत नसे. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. ज्यांना संस्कृत मुखोद्गत, त्यांनीच संस्कृताचा डौल बाजूस ठेवला. केडगावच्या छापखान्यात स्त्रियांनीच खिळे जुळविले.

ज्या मनोरमेच्या हाती सर्व सोपवावयाचे ती 1921 च्या जुलैमध्ये आईआधी गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही इहलोक सोडला. बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. पोटच्या मुलीस जे द्यावयाचे ते अखेर अशा परक्या मुलींच्या हाती गेले, ज्यांची मूळ गावेही कोणाच्या स्मरणात नव्हती.

आमच्या घरी देवघर आहे आणि रमाबाईंचा मार्ग आमचा नव्हे. परंतु मुले सायंकाळी शुभंकरोती म्हणावयास बसत नाहीत, मराठी वाचीत नाहीत, अशी तक्रार जेव्हा आपण मंडळाच्या बैठकीत करतो, तेव्हा आम्हांस त्या उघड्या दाराची आठवण होते. आपण स्वतः आत रोज बसतो काय, दार उघडे ठेवतो काय, आणि मुलांना समजेल अशा भाषेत बोलतो काय? हे तीन प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारले. तिन्हींची उत्तरे आम्हांस भूषणावह नव्हती, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

पुढील खेपेस दौंड मागे पडले की सामानाची आवराआवर क्षणभर थांबवावी आणि मुलांना खिडकीतून केडगावची पाटी दाखवावी, एवढीच वाचकांस विनंती.