नामदार गोखले आणि वरिष्ठ कौन्सिल

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावामागे आपण अद्याप सवयीने ‘नामदार’ हे उपपद लावतो. कायदे कौन्सिलाच्या सभासदास मिळणारा तो त्या काळचा बहुमान. तो पुष्कळांच्या वाट्यास आला, परंतु लोकांच्या जिभेवर टिकला तो विशेषेकरून गोखल्यांच्याच नावाशी. १९०२ पासून १९१५ साली देहावसान होईपर्यंत तेरा वर्षे ते व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात होते. कोतळूकचा जन्म, फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन, भारत सेवक समाजाची स्थापना हे सारे वाचकांस ठाऊकच आहे. म्हणून त्या कौन्सिलातील कामगिरीपुरतेच आम्ही येथे लिहीत आहो.

ते कौन्सिल म्हणजे आजची लोकसभा नव्हे. सरकारी सभासदांचे बहुमत तेथे कायमचे ठरलेले असे. अंदाजपत्रक मांडले जाई, त्यावर वर्षातून एकदा बोलण्याची मुभा असे, परंतु मत देण्याचा अधिकार नसे. जेथे जिंकण्याचा संभवच नाही तेथे मनुष्याने जिवापाड तयारी करून का बोलावे, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळदा आला आहे. त्याचे उत्तर शोधण्यास कौन्सिलापूर्वीच्या एका प्रसंगाकडे वळले पाहिजे.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले होते. वय अवघे तीस. हिंदुस्थानच्या जमाखर्चावर त्यांनी दिलेली साक्ष उत्तम वठली. इतक्यात पुण्याहून पत्रे आली की, प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ती हकीगत विलायतेतील वृत्तपत्रांस कळविली. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला, तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे येईनात आणि त्यांची नावे फोडणे गोखल्यांस प्रशस्त वाटेना. त्यांनी बिनशर्त लेखी माफी मागितली. त्यावरून महाराष्ट्रात त्यांची जी निर्भर्त्सना झाली तिला पारावार राहिला नाही. भित्रा, घातकी असे शब्द त्यांच्याविषयी वापरले गेले. माफी एवढी सर्वांगीण असावयास हवी होती काय, याविषयी आजही मतभेद होईल. पण ज्याचा पुरावा हाती नाही ते विधान पुन्हा कधी तोंडातून जाऊ द्यावयाचे नाही, हा धडा त्या मनुष्याने त्या दिवसांत घेतला असला पाहिजे असे आम्हांस वाटते. पुढील तेरा वर्षांतील त्यांचा प्रत्येक आकडा तशी साक्ष देतो.

आकड्यांशी त्यांचे सख्य जुनेच होते. शाळेत शिकवीत असता त्यांनी अंकगणिताचे पुस्तक रचले होते आणि ते पुष्कळ वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल चाळण्याची शिस्त लागली. शिवाय गणेश व्यंकटेश जोशी या विद्वान हेडमास्तरांचे साहाय्य होते. अंदाजपत्रकाच्या भाषणापूर्वी गोखले त्यांच्याकडे शंका लिहून पाठवीत आणि जोशी कोष्टकांवर कोष्टके तयार करून देत. या पडद्याआडच्या गृहस्थांची आठवण फारशी कोणी काढीत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदली.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास लॉर्ड कर्झनच्या अध्यक्षतेखाली गोखल्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले. त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटींची शिल्लक पडली होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मिरविली जात होती. गोखल्यांनी शांतपणे हिशेब उलगडून दाखविला. रुपयाचा भाव घसरत होता तेव्हा विलायतेस पाठवावयाच्या रकमांची तूट भरून काढण्यासाठी कर वाढविले. पुढे टांकसाळी बंद करून रुपया सोळा पेन्सांवर चढविला, तेव्हा ती तूट उरली नाही. कर मात्र तसेच राहिले. दुष्काळाने पिचलेल्या रयतेच्या खिशातून गरजेपेक्षा अधिक पैसा काढला जात होता आणि त्यासच शिल्लक हे नाव मिळाले होते. मिठावर तेव्हा मणी अडीच रुपये कर होता. तो १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. १९०३ सालीच प्राप्तीवरील कराची माफी पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दरवर्षी हिशेब मागणारा एक मनुष्य समोर बसला आहे, ही जाणीव सरकारास झाली एवढे खास.

१९०४ च्या युनिव्हर्सिटी बिलास त्यांनी कलमागून कलम विरोध केला. बिल व्हावयाचे ते झालेच. १९०९ च्या सुधारणांनंतर सभासदांस ठराव मांडता येऊ लागले. गोखल्यांनी १९१० च्या फेब्रुवारीत नाताळकडे होणारी मुदतबंदी मजुरांची भरती थांबविण्याचा ठराव आणला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. पुढे १९१२ साली ती पद्धतीच समूळ बंद करावी असा ठराव त्यांनी आणला, तो २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला.

परंतु त्यांचा जीव खरा गुंतला होता तो प्राथमिक शिक्षणात. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी बिल मांडले. त्यात मागणे तरी केवढे बेताचे! ज्या गावी बरीच मुले, गोखल्यांच्या मते तेहतीस टक्के, आधीच शाळेत जात असतील तेथील स्थानिक संस्थेने हवे असल्यास आणि सरकारने परवानगी दिल्यास, सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळा सक्तीची करावी. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकाकडून फी घेऊ नये. खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारने उचलावा.

हिंदुस्थानात सक्ती चालणार नाही, शेतकऱ्याचे पोर शेतावर हवे, असा आक्षेप येणार हे गोखल्यांस ठाऊक होते. जपानचे उदाहरण त्यांच्यापाशी होतेच. पण त्याहून जवळचे उदाहरण आपल्या बडोद्याचे होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला, मुलींसुद्धा. ब्रिटिश मुलखात लोकसंख्येच्या १.९ टक्के मुले शाळेत होती, बडोद्यात ८.६ टक्के. लोक तेच, गरिबी तीच. मग एका देशी संस्थानिकास जे साधते ते बलाढ्य साम्राज्य सरकारास का साधू नये? आपल्या पणजोबांच्या शाळेची पटसंख्या कलकत्त्याच्या त्या दालनात सरकारास निरुत्तर करण्यास कामी आली, हे येथील कुटुंबांस ठाऊक असावे.

वर्षभर बिल मतांसाठी देशभर फिरले. १८ मार्च १९१२ रोजी ते निवड-समितीकडे पाठवावे एवढीच गोखल्यांनी विनंती केली. पंडित मालवीय व बॅ. जिना यांनी पाठिंबा दिला. सरकारपक्षाने विरोध केला आणि, सांगण्यास खेद वाटतो, काही हिंदी सभासदांनीही केला. दुसऱ्या दिवशी मते मोजली: अनुकूल १३, प्रतिकूल ३८. गोखल्यांस याचा अचंबा वाटला नाही. बिल फेटाळले जाणार हे जाणूनच आपण ते आणले, आपल्या पिढीच्या वाट्यास अपयशानेच देशाची सेवा करणे आले आहे, अशा आशयाचे त्यांचे समारोपाचे बोलणे होते.

त्यानंतर मधुमेहाने त्यांस घेरले. तशाही स्थितीत १९१२ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले, नोकऱ्यांसंबंधीच्या रॉयल कमिशनवर राबले, १९१४ साली देऊ केलेली ‘सर’ ही पदवी त्यांनी नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कौन्सिलात आणलेले बिल मंजूर झाले आणि तेथील नगरपालिकांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. सर्व देशातील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ साली केला. तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला.