अभ्यासविषयाची निवड

पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यापुढे संशोधनाचा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न उभा राहतो, तेव्हा त्याचे उत्तर बहुधा दुसऱ्यानेच दिलेले असते. मार्गदर्शकाची सोय, ग्रंथालयात हाताशी असणारी साधने आणि पदवी लवकर पदरात पडण्याची शक्यता यांवर विषय ठरतो. समाजाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रांत तर ही पद्धत विशेषच हानिकारक होय. कारण तेथे विषयाची निवड म्हणजे आपल्या आयुष्याने आपल्यापुढे टाकलेला प्रश्न ओळखणे असते. या दृष्टीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग मननीय आहे.

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या भीमरावांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, तहान लागली तर दुसऱ्याने पाणी वाढण्याची वाट पाहावी लागली. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ मध्ये पदवी घेतल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळून १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. मानवशास्त्राचे अवघे ४. शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षांची होती. अशा विद्यार्थ्याने आपल्या शास्त्राबाहेर पाऊल टाकू नये, असेच व्यवहारी मनुष्य सांगेल.

परंतु ९ मे १९१६ रोजी, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचविशीतल्या या विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेची घडण, उगम आणि विकास या विषयावर निबंध वाचला. जातीवर पूर्वी कोणी लिहिले नव्हते असे नव्हे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांची मते प्रसिद्धच होती. आणि अमरावतीस शालेय शिक्षण घेतलेले, पुढे ज्ञानकोशकार म्हणून ख्यातकीर्त झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा अमेरिकेत लिहिलेला ग्रंथही समोर होता. या चौघांच्या व्याख्या तपासूनच भीमरावांनी आरंभ केला आणि केतकरांना योग्य तो मान देऊनही त्यांची व्याख्या दुरुस्त केली.

खरे कौशल्य होते ते प्रश्न लहान करण्यात. धर्म, वंश, वर्ण, विटाळ असा पसारा न मांडता त्यांनी एकच गोष्ट धरली : जातीतल्या जातीतच विवाह. गोत्राबाहेर विवाह करण्याची रूढी ज्या समाजात खोल रुजलेली, त्याच समाजावर गटाबाहेर विवाह न करण्याचे बंधन लादले गेले. जात म्हणजे हे लादणे होय. मग हिशेब आला. बंदिस्त गटात विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समसमान राखली पाहिजे. पती आधी वारला तर विधवा अधिक ठरते. तिला चितेवर चढवायचे किंवा आजन्म वैधव्यात ठेवायचे. पत्नी आधी वारली तर विधुर अधिक ठरतो. त्याने विरक्ती पत्करावी, नाहीतर विवाहाच्या वयास न आलेली मुलगी त्याला द्यावी. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली भीमरावांच्या मते गट बंद ठेवण्याची साधने होत्या. त्यांचा गौरव मागाहून झाला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे स्पष्ट दिसतो.

एका वर्गाने, म्हणजे पुरोहितवर्गाने, स्वतःभोवती प्रथम कुंपण घातले. इतरांनी काही अंशी त्याचे अनुकरण केले. ज्यांनी केले नाही त्यांच्यासाठी दुसऱ्यांची दारे बंद झाल्यामुळे तेही आपोआप वेगळे पडले, असा त्यांचा सिद्धांत. हा निबंध वाचनाधारित होता, गावोगावच्या पाहणीवर नव्हे. अस्पृश्यता हा त्याचा विषयही नव्हता. स्वतःच्या दुःखाचा उल्लेख न करता ज्या यंत्रणेतून ते दुःख निर्माण होते तिचा शोध घेणे, हा संयम पंचविसाव्या वर्षी साधणे सोपे नाही.

मे १९१७ मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. त्याच वर्षी शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोद्यास गेलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. बंद दारांविषयीचा सिद्धांत मांडणाऱ्यासमोरच दारे बंद झाली. पुढे रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने १९२३ मध्ये त्यांना लंडनची डी.एस्सी. मिळवून दिली, पण १९१६ चा प्रश्न सुटला नाही. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त आंतरजातीय विवाहाचा आग्रह आहे तो त्याच निष्कर्षाचा परिपाक होय. १९४४ च्या आवृत्तीच्या वेळी दोन्ही लेखन एकत्र गुंफण्याची त्यांची इच्छा वेळेअभावी राहून गेली. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथ आला; आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला, तेव्हा याच नगराची निवड का केली हे सांगतानाही त्यांनी नाग लोकांच्या प्राचीन इतिहासाचाच आधार घेतला.

आज दीक्षाभूमीसमोरून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानी घ्यावे. विषय मोठा असून भागत नाही. तो आपला असावा लागतो, त्यातला प्रश्न उत्तर देता येईल इतका नेमका करावा लागतो, आणि मिळालेले उत्तर आपल्याला पुढे कोठे नेईल याची तयारी ठेवावी लागते. पदवी तीन वर्षांत मिळते. बाबासाहेबांनी निवडलेल्या प्रश्नाने मात्र त्यांच्याकडून चाळीस वर्षे मागून घेतली.