मारिया सिबिला मेरियन

मारिया सिबिला मेरियन (२ एप्रिल १६४७ – १३ जानेवारी १७१७) या जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या चित्रकार व कीटक-अभ्यासक होत्या. कीटकाच्या सर्व अवस्था, तो ज्या वनस्पतीवर जगतो त्या वनस्पतीसह, एकाच चित्रात दाखविण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. दक्षिण अमेरिकेतील कंदीलधारी या कीटकाचे त्यांनी काढलेले चित्र विशेष प्रसिद्ध आहे. हा कीटक तुडतुड्यांच्या विस्तृत गटातील असून भातावरील तपकिरी तुडतुडे आणि उसावरील पाकोळी ही त्याची आपल्याकडील दूरची नातेवाईक मंडळी होत. याच चित्रामुळे मेरियन यांना सर्वाधिक ख्याती मिळाली आणि सर्वाधिक टीकाही सोसावी लागली.

बालपण व शिक्षण

मेरियन यांचा जन्म फ्रँकफुर्ट येथे झाला. वडील माटेउस मेरियन हे नामांकित ताम्रपट-कोरक व प्रकाशक होते. मारिया तीन वर्षांच्या असतानाच त्यांचे निधन झाले. आईने पुढे याकोब मारेल या पुष्पचित्रकाराशी विवाह केला आणि त्याच्याच चित्रशाळेत मारिया यांनी रंग व कुंचला हाताळण्यास आरंभ केला. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी रेशमाचे किडे पाळून अंड्यापासून पतंगापर्यंतचे त्यांचे रूपांतर पाहिले व नोंदविले. त्या काळी किडे चिखलातून किंवा कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असा समज विद्वानांतही प्रचलित होता. त्याला छेद देणारे फ्रान्चेस्को रेदी यांचे प्रयोग १६६८ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे या मुलीच्या निरीक्षणानंतर आठ वर्षांनी.

१६६५ मध्ये त्यांचा विवाह मारेल यांचे शिष्य योहान आंद्रेआस ग्राफ यांच्याशी झाला. योहाना हेलेना व डोरोथेआ मारिया या त्यांच्या दोन मुली. न्युरेम्बर्ग येथील वास्तव्यात त्यांनी सुरवंटांवरील ग्रंथाचा पहिला भाग (१६७९) प्रसिद्ध केला. दुसरा भाग १६८३ मध्ये निघाला. प्रत्येक भागात पन्नास चित्रे होती. सुरवंट घरी आणून त्यांना खाद्य पुरविताना मेरियन यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. अनेक सुरवंट ठरावीक वनस्पतीचीच पाने खातात आणि ती न मिळाल्यास मरतात. आश्रयवनस्पती हा शब्द आज कीटकशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो, परंतु ती कल्पना चित्रातून इतक्या स्पष्टपणे प्रथम मांडली ती मेरियन यांनी, असे म्हणण्यास हरकत नाही.

१६८५ च्या सुमारास पतीपासून विभक्त होऊन त्या आई व मुलींसह फ्रीसलंड प्रांतातील लाबादी या धर्मपंथाच्या वसाहतीत राहावयास गेल्या. तेथील वाडा सुरिनाम या डच वसाहतीच्या गव्हर्नरच्या कुटुंबाचा होता. आईच्या निधनानंतर १६९१ मध्ये त्या ॲम्स्टरडॅमला आल्या. तेथील धनिकांच्या संग्रहांत त्यांनी उष्ण प्रदेशांतील सुंदर कीटक पाहिले, पण ते सगळे मृत आणि टाचणीला टोचलेले. ते कोठून उपजतात व काय खातात, याचे उत्तर त्या पेट्यांत नव्हते.

सुरिनामचा प्रवास

फेब्रुवारी १६९९ मध्ये मेरियन यांनी आपली २५५ चित्रे विक्रीस काढली, मृत्युपत्र केले आणि त्याच वर्षी धाकट्या मुलीसह जहाजाने सुरिनामला प्रयाण केले. त्यांचे वय तेव्हा ५२ वर्षांचे होते. त्या काळात एखादी स्त्री कोणत्याही पुरुष आप्ताच्या सोबतीवाचून केवळ अभ्यासासाठी महासागर ओलांडते, ही घटना अपूर्वच होती.

पारामारिबो येथे राहून त्यांनी मळ्यांत व जंगलात संशोधन केले. या वसाहतीचा सारा व्यवहार उसावर आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत असे. साखरेवाचून दुसऱ्या कशात रस घेणारी ही बाई मळेवाल्यांच्या चेष्टेचा विषय झाली होती. स्थानिक आदिवासी व गुलाम स्त्री-पुरुष यांनी मात्र त्यांना कीटक आणून दिले, झाडाझुडपांतून वाटा काढून दिल्या आणि वनस्पतींचे उपयोग सांगितले. या मदतीचा उल्लेख मेरियन यांनी ग्रंथात केला आहे, पण त्या व्यक्तींची नावे मात्र दिलेली नाहीत. आपल्याकडे बागेत सर्रास दिसणाऱ्या शंकासुराविषयीची त्यांची नोंद वाचताना मन विषण्ण होते. आपली मुले गुलामीत जन्मू नयेत म्हणून गुलाम स्त्रिया या झाडाच्या बियांनी गर्भपात करीत, असे त्यांनी त्या स्त्रियांकडूनच ऐकून लिहून ठेवले आहे.

उष्ण हवा व आजारपण यांमुळे त्यांना ठरविल्याहून लवकर, १७०१ मध्ये, परतावे लागले.

कंदीलधारी कीटक

सुरिनाममधील कीटकांवरील त्यांचा ग्रंथ १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे लॅटिन व डच भाषांत प्रसिद्ध झाला. त्यात साठ चित्रे होती. वनस्पतींची शास्त्रीय माहिती कास्पार कॉमेलिन यांनी पुरविली. त्यातील एकोणपन्नासाव्या चित्रात डाळिंबाच्या फांदीभोवती सिकाडा व कंदीलधारी असे दोन कीटक रेखाटले आहेत. सिकाडाचेच पुढे कंदीलधाऱ्यात रूपांतर होते, असे तेथील आदिवासींनी मेरियन यांना सांगितले होते. त्याला अनुसरून चित्रातील एका कीटकाला सिकाडाचे धड व कंदीलधाऱ्याचे डोके आहे. शिवाय पेटीत ठेवलेल्या या कीटकांच्या आवाजाने आपण रात्री जागे झालो आणि पेटी उघडताच त्यांच्या डोक्यातून प्रखर प्रकाश बाहेर पडला, असेही त्यांनी लिहिले.

हा कीटक ओळखण्यास सोपा आहे. डोक्याचा पुढचा भाग भुईमुगाच्या शेंगेसारखा फुगलेला व आतून पोकळ असतो. त्यावरील खुणांमुळे तो सरड्याच्या किंवा सुसरीच्या तोंडासारखा भासतो. खरे डोळे या फुगवट्याच्या मागे असतात. पंख मिटलेला कीटक खोडाच्या सालीत मिसळून जातो, पण डिवचल्यास पंख उघडतो आणि मागील पंखांवरील मोठे डोळ्यांसारखे ठिपके दिसू लागतात. मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील जंगलांत तो आढळतो. सोंडेने तो झाडाचा रस शोषतो. आश्रयवृक्षांपैकी सिमारुबा हा विशेष परिचित होय. याच प्रजातीतील दुसरा एक वृक्ष भारतात लक्ष्मीतरू या नावाने लावला जातो. डाळिंब मात्र अमेरिकेतले झाडच नव्हे, ते तेथे बाहेरून नेलेले. ज्या मेरियन यांनी कीटकाला त्याच्या झाडापासून कधी वेगळे केले नाही, त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कीटकाचे झाड चुकीचे निघावे, हा योगायोग चमत्कारिक आहे. जेथे खाद्यवनस्पती ठाऊक नसे तेथे शोभेसाठी दुसरी वनस्पती काढण्याची त्यांची रीत होती, हे लक्षात घेतले म्हणजे याचा उलगडा होतो.

सिकाडापासून कंदीलधारी होणे तर अशक्यच. दोघांचीही वाढ अंडे, पिल्लू व प्रौढ अशा अपूर्ण रूपांतराने होते. त्यांत कोषावस्था नसते आणि एकाच्या पिल्लातून दुसरा निपजत नाही. प्रकाशाची गोष्टही पुढील निरीक्षकांना पडताळता आली नाही. या कीटकात प्रकाश देणारे इंद्रिय आढळलेले नाही. तथापि कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये या जातीचे नामकरण करताना मेरियन यांच्या चित्राचा आधार घेतला आणि तिला ‘लॅटर्नारिया’ म्हणजे कंदिलाची असे नाव दिले. नामकरणाच्या नियमांनुसार अर्थ चुकीचा ठरला तरी नाव बदलत नाही, त्यामुळे ते आजही रूढ आहे.

टीका व पुनर्मूल्यांकन

एकोणिसाव्या शतकात अशा चुकांच्या आधारे मेरियन यांचे सारेच काम अविश्वसनीय ठरविण्याचा प्रयत्न झाला. सेंट व्हिन्सेंट बेटावरील पाद्री लॅन्सडाउन गिल्डिंग यांनी १८३० च्या दशकात त्यांच्यावर कठोर टीका केली. ते स्वतः सुरिनामला गेलेले नव्हते आणि त्यांच्यासमोर मेरियन यांच्या मृत्यूनंतर निघालेली आवृत्ती होती. पक्ष्याला खाणाऱ्या कोळ्याचे मेरियन यांचे चित्रही थोतांड मानले गेले. पुढे हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात असा कोळी पक्ष्यावर बसलेला प्रत्यक्ष पाहिला व १८६३ च्या आपल्या प्रवासग्रंथात त्याची नोंद केली. ऐकीव माहिती आणि स्वतःचे निरीक्षण यांत मेरियन यांनी काही ठिकाणी फरक केला नाही, हा त्यांचा दोष खराच. परंतु घरी वाढवून पाहिलेल्या सुरवंटांविषयीच्या त्यांच्या नोंदी बहुतांशी अचूक आहेत आणि टीकाकारांनी तिकडे दुर्लक्ष केले.

अखेर

१७१५ मध्ये मेरियन यांना पक्षाघाताचा झटका आला. १७१७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले. सुरवंटांवरील ग्रंथाचा तिसरा भाग डोरोथेआ मारिया यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. रशियाचे सम्राट पीटर द ग्रेट यांच्यासाठी मेरियन यांची बरीच चित्रे खरेदी करण्यात आली. ती सेंट पीटर्सबर्ग येथे गेली, तर काही चित्रे आज इंग्लंडमधील राजघराण्याच्या संग्रहात आहेत. जर्मनीच्या ५०० मार्कांच्या शेवटच्या नोटेवर मेरियन यांची प्रतिमा होती आणि तिच्या मागील बाजूस डँडेलियनचे झाड, त्यावर सुरवंट व फुलपाखरू असे चित्र छापलेले होते.