हातात पाना, नजर आभाळावर

पहिल्या महायुद्धातील लढाऊ वैमानिक म्हटले की, बहुतेकांना आठवतो तो जर्मनीचा 'रेड बॅरन' मॅनफ्रेड फॉन रिश्टहोफेन. खानदानी घराणे, घोडदळातील अधिकारपद आणि तेथून विमानदळ, असा त्याचा प्रवास. ब्रिटनमध्येही चित्र फारसे निराळे नव्हते. महायुद्धापूर्वी विमान शिकायचे तर अधिकाऱ्याला सुमारे ७५ पौंड स्वतःच्या खिशातून भरून परवाना मिळवावा लागे आणि सैन्यात निवड झाल्यावरच ती रक्कम परत मिळे. साध्या शिपायाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हती. अशा काळात बिगुल वाजवणारा मुलगा म्हणून सैन्यात शिरलेला, विमानदळात मेकॅनिक म्हणून आलेला जेम्स मॅकडन ब्रिटनच्या सर्वांत यशस्वी वैमानिकांपैकी एक ठरला. वयाच्या २३व्या वर्षी तो मृत्यू पावला, तेव्हा त्याच्या नावावर ५७ हवाई विजय आणि व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान होता.

छावणीत वाढलेला मुलगा

जेम्सचा जन्म २८ मार्च १८९५ रोजी केंट परगण्यातील जिलिंगहॅम येथे झाला. वडील रॉयल इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियांत्रिकी दलात सार्जंट-मेजर होते. घरात शिस्त होती, पैसा बेताचा होता आणि मुलांनी सैन्यात जायचे हे जणू ठरलेलेच होते. पुढे हे कुटुंब शेपी बेटावरील शीअरनेस येथे राहावयास गेले. योगायोग असा की, ब्रिटनमधील अगदी सुरुवातीची विमाने १९०९ च्या सुमारास याच बेटावरून उडू लागली होती. लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून बनवलेल्या त्या विमानांची ओढ मॅकडन बंधूंना लागली ती तेथेच.

१९१० मध्ये, वयाच्या १५व्या वर्षी जेम्स रॉयल इंजिनिअर्समध्ये बिगुलवादक म्हणून भरती झाला. जिब्राल्टरच्या छावणीत त्याने दीड वर्ष काढले. थोरला भाऊ विल्यम एव्हाना नव्याने स्थापन झालेल्या रॉयल फ्लाइंग कोअर या विमानदळात गेला होता आणि अधिकारपद नसतानाही ज्या मोजक्या सैनिकांना विमान चालवण्याची संधी मिळाली, त्यांत त्याचा समावेश होता. भावाच्या पावलावर पाऊल टाकून जेम्सने १९१३ च्या एप्रिलमध्ये विमानदळात बदली करून घेतली. हुद्दा होता एअर मेकॅनिक, द्वितीय श्रेणी.

सुरुवात फार शुभ झाली नाही. फार्नबरो येथे दाखल झाल्यावर थोड्याच दिवसांत एका विमानाचा प्रोपेलर तो हाताने फिरवून पाहत असताना इंजिन अनपेक्षितपणे सुरू झाले. आत कोणीही नसलेले ते विमान धावत सुटले आणि त्याने मोठे नुकसान केले. नव्या मेकॅनिकची रवानगी काही दिवसांसाठी लष्करी कोठडीत झाली. यंत्राला गृहीत धरायचे नाही, हा धडा मात्र त्याने जन्मभर लक्षात ठेवला.

प्रोपेलर फिरवणारे हात

कोठडीतून सुटल्यावर त्याची नेमणूक क्रमांक ३ च्या स्क्वाड्रनमध्ये झाली. त्या काळच्या अनेक विमानांत रोटरी इंजिने असत. या इंजिनात प्रोपेलरबरोबर सिलिंडरांसह सगळे इंजिनच गरगर फिरे. वंगणासाठी एरंडेल तेल वापरले जाई आणि ते वैमानिकाच्या अंगावर उडत राही. अशी इंजिने वरचेवर खोलून, साफ करून, पुन्हा जोडावी लागत. मॅकडनचे हात या कामात लवकरच तयार झाले. कोणते इंजिन कोणत्या आवाजावर कुरकुरते आहे, हे त्याला कानाने कळू लागले.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध जाहीर झाले आणि नेदरेव्हनच्या तळावरून विमाने फ्रान्सकडे निघाली. १२ ऑगस्टच्या सकाळी लेफ्टनंट रॉबर्ट स्कीन आणि मेकॅनिक रेमंड बार्लो यांच्या विमानाचा प्रोपेलर मॅकडनने फिरवून दिला. विमान उठले आणि काही क्षणांतच जवळच्या झाडांपलीकडे कोसळले. आवाजाच्या दिशेने धावत गेलेल्या मॅकडनला दोघेही मृतावस्थेत आढळले. युद्धकामगिरीवर निघालेल्या ब्रिटिश विमानदळाचे ते पहिले बळी मानले जातात. त्यानंतर १ मे १९१५ रोजी घरावरच आघात झाला. गॉस्पोर्ट येथे झालेल्या विमान अपघातात विल्यम मरण पावला. ज्याच्याकडे पाहून जेम्स या क्षेत्रात आला होता, तो भाऊच राहिला नाही.

तरीही वैमानिक होण्याची त्याची इच्छा मावळली नाही. फ्रान्समध्ये त्याने त्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. कारण मोठे विचित्र होते. तो अपात्र होता असे नव्हे, तर मेकॅनिक म्हणून तो इतका उपयोगी होता की स्क्वाड्रनला त्याला सोडायचे नव्हते. कामातली निपुणताच त्याच्या वाटेत आडवी आली. सार्जंट होऊन इंजिनांची जबाबदारी सांभाळता सांभाळता मग त्याने दुसरा मार्ग धरला. निरीक्षकाच्या जागी बसून तो उड्डाणांवर जाऊ लागला. निरीक्षक हा वैमानिकाच्या मागे बसे, शत्रूच्या हालचाली टिपे आणि वेळ आल्यास मशीनगन चालवी. शत्रूच्या लढाऊ विमानांना त्याने अशा बैठकीतून तोंड दिले आणि यंत्राबरोबरच आपली नजरही तितकीच तयार असल्याचे सिद्ध केले.

जानेवारी १९१६ मध्ये फ्रान्सचे सरसेनापती जोफ्र यांच्या हस्ते त्याला 'क्र्वा द गेर' हे पदक मिळाले. त्याच महिन्यात फ्लाइट सार्जंटपदी बढती मिळाली आणि वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी मायदेशी परतण्याचा हुकूमही आला. एअर मेकॅनिक म्हणून दाखल झाल्याला पावणेतीन वर्षे होत आली होती.

सार्जंटचा अधिकारी

१६ एप्रिल १९१६ रोजी त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला. प्रशिक्षण पुरे होते न होते तोच, इतरांना शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. जुलैमध्ये तो वैमानिक म्हणून फ्रान्सला परतला, तोही सार्जंट म्हणूनच. ६ सप्टेंबर १९१६ रोजी क्रमांक २९ च्या स्क्वाड्रनमधून लढताना त्याने पहिला विजय नोंदवला. पुढे मिलिटरी मेडल मिळाले आणि १ जानेवारी १९१७ रोजी तो अधिकारी झाला.

हा बदल केवळ खांद्यावरच्या फितींचा नव्हता. ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्यांची मेस आणि शिपायांची बराक यांमध्ये एक सामाजिक दरी होती. बोलण्याची ढब, शाळेचे नाव, वडिलांचा व्यवसाय, या सर्वांवरून माणूस जोखला जाई. ऑगस्ट १९१७ मध्ये मॅकडन ज्या क्रमांक ५६ च्या स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट कमांडर म्हणून आला, तेथे नामांकित शाळांतून आलेले तरुण होते. त्यांपैकी आर्थर ऱ्हिस डेव्हिड्स हा ईटनचा विद्यार्थी. पाली ग्रंथांचे थोर अभ्यासक आणि पाली टेक्स्ट सोसायटीचे संस्थापक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांचा तो मुलगा. कोलकात्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय हा भारतीय तरुणही ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस याच स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला.

२३ सप्टेंबर १९१७ च्या संध्याकाळी या स्क्वाड्रनच्या निवडक वैमानिकांची गाठ जर्मनीच्या वेर्नर फॉसशी पडली. फॉस एकटा होता. तीन पंखांच्या आपल्या फोकर विमानातून तो सुमारे दहा मिनिटे सगळ्यांशी झुंजला आणि त्याने जवळजवळ प्रत्येकाच्या विमानाला गोळ्यांची भोके पाडली. अखेर ऱ्हिस डेव्हिड्सच्या गोळ्यांनी त्याचा शेवट झाला. शत्रू असूनही त्याच्या धैर्याविषयी मॅकडनने पुढे अतिशय आदराने लिहिले आहे. सुमारे महिनाभराने, २७ ऑक्टोबरला, ऱ्हिस डेव्हिड्सही कामी आला.

कारागीर वैमानिक

मॅकडनचे वेगळेपण या धामधुमीत उठून दिसते. अधिकारी झाल्यावरही त्याने हातातला पाना खाली ठेवला नाही. त्याच्या एस.ई.५ए विमानावर दोन मशीनगन होत्या. एक प्रोपेलरच्या पात्यांमधून गोळ्या झाडी, दुसरी वरच्या पंखावर असे. त्या दोन्ही नेमक्या एका बिंदूवर मारा करतील, यासाठी तो स्वतः तासन्‌तास खपे. इंजिनाची जुळणी, नळ्यांची लांबी, पंखांचा कोन या प्रत्येक बाबतीत तो बारीकसारीक फेरफार करून पाही. एका पाडलेल्या जर्मन विमानाच्या प्रोपेलरवरील निमुळते टोपण काढून त्याने आपल्या विमानाला बसवले.

या खटाटोपामागे एक निश्चित हेतू होता. जर्मनीची रुम्प्लर ही दोन आसनी टेहळणी विमाने २०,००० फुटांच्या आसपास उडत. तेथवर ब्रिटिश विमाने सहसा पोहोचत नसत. त्यामुळे ती निर्धास्तपणे खंदकांची छायाचित्रे घेऊन परतत. त्या छायाचित्रांच्या आधारे तोफांचा मारा होई आणि खाली शेकडो सैनिक प्राणास मुकत. मॅकडनने आपल्या इंजिनात अधिक दाब निर्माण करणारे पिस्टन बसवून घेतले आणि या उंचीवर एकट्याने शिकार सुरू केली. उघड्या कॉकपिटमध्ये, प्राणवायूच्या साधनाशिवाय, गोठवणाऱ्या थंडीत तो शत्रूची वाट पाहत थांबे. खाली उतरल्यावर डोके असह्य दुखे. पण सावज दिसताच अंगावर झेप घेण्याचा मोह तो टाळी. शत्रूच्या मागे, किंचित खाली, जेथून मागच्या बंदूकधाऱ्याला नेम धरता येत नाही अशा जागी तो शांतपणे जाऊन पोहोचे. जागा साधली नाही, तर लढत सोडून देण्यात त्याला कमीपणा वाटत नसे.

या पद्धतीची फळे आकड्यांत दिसतात. एकाच दिवसात चार विमाने पाडण्याचा पराक्रम त्याने दोनदा केला. दुसऱ्या वेळी तर ही चारही विमाने दीड तासाच्या आत पडली. त्याने पाडलेल्यांपैकी १९ विमाने ब्रिटिश हद्दीत कोसळली, म्हणजे त्यांची यंत्रसामग्री तपासायला हाती लागली. या स्क्वाड्रनमध्ये असताना ७८ गस्तींमध्ये त्याने भाग घेतला आणि जवळजवळ प्रत्येक गस्तीचे नेतृत्व त्याच्याकडेच होते. सहकाऱ्यांना सुखरूप परत आणण्याकडे त्याचा कटाक्ष असे. पुढे स्वतः विख्यात झालेला मिक मॅनॉक हाही एकेकाळी प्रशिक्षणात त्याच्या हाताखालून गेला होता.

मानसन्मान आणि मृत्यू

मार्च १९१८ मध्ये मॅकडन मायदेशी परतला. त्याच महिन्याच्या १८ तारखेला त्याचा धाकटा भाऊ अँथनी, तोही लढाऊ वैमानिक, युद्धात मारला गेला. दुसऱ्या भावाच्या मृत्यूनंतर तीनच आठवड्यांनी, ६ एप्रिल रोजी, राजे पंचम जॉर्ज यांनी बकिंगहॅम राजवाड्यात जेम्सला व्हिक्टोरिया क्रॉस प्रदान केला. वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले होते. त्याला मात्र या गाजावाजाचा संकोच वाटे. स्कॉटलंडमध्ये वैमानिकांना शिकवता शिकवता त्याने आपल्या पाच वर्षांच्या आठवणी लिहून काढल्या.

एवढ्या यशानंतरही सामाजिक पायरीची आठवण पुसली गेली नव्हती. एका स्क्वाड्रनचे प्रमुखपद त्याला देण्याची चर्चा निघाली, तेव्हा तो शिपायांतून वर आला म्हणून तेथील काही वैमानिकांनी नापसंती दर्शवली, असे सांगितले जाते. अखेर क्रमांक ६० च्या स्क्वाड्रनचे नेतृत्व मेजर मॅकडनकडे आले.

९ जुलै १९१८ रोजी तो नव्या नेमणुकीवर निघाला. वाट विचारण्यासाठी फ्रान्समधील ओक्सी-ले-शातो येथील तळावर उतरला आणि पुन्हा झेपावला. विमान फार उंच गेले नव्हते, तोच ते जवळच्या झाडीत कोसळले. इंजिनाने दगा दिला की वळण घेताना अंदाज चुकला, याविषयी पाहणाऱ्यांत एकमत झाले नाही. ज्याने शेकडो इंजिने स्वतःच्या हातांनी खोलून जोडली, त्याला शत्रूच्या गोळीने नव्हे, अशा अपघाताने गाठले. त्याच संध्याकाळी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर तेराच दिवसांत, २२ जुलैला, इंद्रलाल रॉय दहा हवाई विजय मिळवून धारातीर्थी पडला आणि २६ जुलैला मॅनॉकही गेला.

मॅकडनच्या आठवणींचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९१८ मध्येच प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील वाव्हाँ येथील अवघ्या काही डझन थडग्यांच्या दफनभूमीत तो विसावला आहे. तीन वैमानिक भावांपैकी एकही युद्धातून घरी परतला नाही. पुढच्या महायुद्धात, १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईत, सार्जंट हुद्द्याचे वैमानिक मोठ्या संख्येने लढले. त्यांतील कोणाला आपल्या हुद्द्याचे नवल वाटले नसेल. जिलिंगहॅमच्या सार्जंट-मेजरच्या मुलाला मात्र कॉकपिटमधल्या त्या जागेसाठी पावणेतीन वर्षे दुसऱ्यांच्या विमानांचे प्रोपेलर फिरवावे लागले होते.