इमाम गझालींची लुटली गेलेली वही

रमजान हा जसा रोज्यांचा महिना, तसाच वाचनाचाही. कुरआन याच महिन्यात अवतरू लागला, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे आणि पैगंबरांना झालेली पहिली आज्ञाही वाचनाचीच होती. म्हणून या महिन्यात घरोघरी कुरआनचे पठण चालते. रात्री मशिदीत तरावीहच्या नमाजात हाफिज, म्हणजे ज्यांना संपूर्ण कुरआन मुखोद्गत आहे असे लोक, तो क्रमाने ऐकवतात. पण वाचलेले माणसात उतरते कुठवर? जिभेपर्यंत, डोक्यापर्यंत की त्याहून आत? या प्रश्नाने ज्यांना आयुष्यभर स्वस्थ बसू दिले नाही, त्या इमाम गझालींची ही कथा. आपल्याला वाचता येते या समजुतीला त्यांच्या आयुष्यात एकदा नव्हे, दोनदा तडा गेला.

आजच्या इराणमध्ये मशहद शहराजवळ तूस नावाचे जुने गाव आहे. 'शाहनामा' लिहिणारा कवी फिरदौसी याच गावचा. तिथे 1058 साली मुहंमद गझालींचा जन्म झाला. वडील लोकर कातून दुकानात विकत. त्यांना स्वतःला लिहिणे शिकता आले नव्हते आणि त्याची खंत त्यांच्या मनात कायम राहिली. मृत्यू जवळ आला तेव्हा त्यांनी मुहंमद आणि अहमद ही दोन लहान मुले एका सूफी मित्राच्या स्वाधीन केली, गाठीला होते ते थोडे पैसेही दिले आणि एवढेच मागितले, की जे आपल्याला मिळाले नाही ते या पोरांना मिळावे. पैसे काही दिवसांत संपले. तो मित्रही फकीरच. त्याने मुलांना सांगितले, की आता मदरशात नाव घाला, तिथे विद्यार्थ्यांना निदान दोन वेळचे जेवण तरी मिळते. आपण विद्येच्या वाटेला लागलो ते पोटासाठी, हे गझालींनी पुढे कधी लपवले नाही. वाट मात्र त्यांना भलतीकडेच घेऊन गेली, असे ते म्हणत.

तूसमधले प्राथमिक शिक्षण आटोपून तरुण गझाली कॅस्पियन समुद्राजवळच्या जुर्जान शहरी गेले. तिथे गुरू जे शिकवीत ते सारे त्यांनी टिपून घेतले. त्या टिपणांचे बाड घेऊन ते घरी निघाले असताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. सगळ्यांचे सगळे गेले. गझाली मात्र दरोडेखोरांच्या मागे धावू लागले. सरदाराने जिवाची भीती घालून परत फिरायला सांगितले, तेव्हा त्यांनी विनवले, की बाकी सारे ठेवा, फक्त माझी टिपणे द्या, ती तुमच्या काही उपयोगाची नाहीत. ती ऐकण्यासाठी, लिहिण्यासाठी आणि त्यातले ज्ञान मिळवण्यासाठीच मी गाव सोडले होते.

सरदार हसला. पिशवी काढून घेताच ज्याच्याजवळ काही उरत नाही, त्याने आपल्याला ते येते असे कसे म्हणावे, असे त्याने विचारले आणि टिपणे परत देऊन टाकली.

तो प्रश्न गझालींच्या जिव्हारी लागला. त्या माणसाच्या तोंडून परमेश्वरानेच आपल्याला वाट दाखवली, असे ते पुढे सांगत. तूसला पोहोचल्यावर त्यांनी ती टिपणे समोर ठेवली आणि तीन वर्षे खपून सारी पाठ केली. पुन्हा कोणी लुटले तरी विद्या जाणार नाही, एवढी.

यानंतर ते निशापूरला गेले. तिथे त्या काळातले श्रेष्ठ विद्वान इमाम जुवैनी शिकवीत. त्यांच्या हाताखाली गझाली धर्मशास्त्र, तर्क आणि वादविवाद यांत तयार झाले. 1085 मध्ये जुवैनी वारले. त्यानंतर गझाली सेल्जुक साम्राज्याचे वजीर निजाम-उल-मुल्क यांच्या दरबारी गेले. तिथल्या विद्वानांच्या वादसभांत त्यांनी नाव कमावले. 1091 मध्ये वजिरांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक नेमले. तेव्हा त्यांचे वय होते जेमतेम तेहतीस.

बगदादमध्ये त्यांच्यापाशी 300 विद्यार्थी शिकत. शिकवणे आणि ग्रंथलेखन यांतून जो वेळ उरे, त्यात त्यांनी एक वेगळेच काम हाती घेतले. ग्रीक परंपरेतले तत्त्वज्ञान, विशेषतः इब्न सीना यांचे विचार, त्यांना पटत नव्हते. पण न समजून घेता खोडून काढणे म्हणजे अंधारात दगड मारणे, असे त्यांचे मत होते. एखाद्या शास्त्रातल्या जाणकाराइतके ते शास्त्र जो शिकला नाही, त्याला त्यातली चूक दाखवण्याचा अधिकार नाही, ही अट त्यांनी स्वतःलाच घातली. कोणा शिक्षकाशिवाय, नुसत्या ग्रंथांच्या आधारे, दोन वर्षांच्या आत त्यांनी ते तत्त्वज्ञान वाचून काढले. मग जवळजवळ एक वर्ष वाचलेल्यावर पुन्हा पुन्हा विचार केला. त्यातले कुठे काय लपले आहे, कुठे गफलत आहे, हे उलटेपालटे करून पाहिले.

समजून घेणे किती पक्के झाले होते, याचा पुरावा नंतर गंमतीदार रीतीने मिळाला. तत्त्वज्ञांची मते जशीच्या तशी मांडणारा एक ग्रंथ त्यांनी लिहिला. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो शहरात त्याचे लॅटिन भाषांतर झाले. ही मते आपली नाहीत, असे सांगणारी प्रस्तावना लॅटिनच्या बहुतेक प्रतींत नव्हती. परिणामी युरोपातले विद्वान कित्येक पिढ्या गझालींना त्याच तत्त्वज्ञांपैकी एक समजत राहिले! ज्या विचाराला विरोध करायचा, तो त्याच्या समर्थकांइतक्याच चोखपणे मांडणे आज किती जणांना जमेल? त्यानंतर 'तहाफुत अल-फलासिफा' या ग्रंथात त्यांनी तत्त्वज्ञांची वीस मते तपासली. तिथेही गणित किंवा ग्रहणाचे शास्त्र यांना त्यांनी हात लावला नाही. जे हिशेबाने सिद्ध होते ते धर्माच्या नावाखाली नाकारणारा धर्माचेच नुकसान करतो, असे त्यांनी बजावले.

आता पाठांतर होते आणि समजही होती. तरीही 1095 च्या उन्हाळ्यात गझालींच्या आयुष्याला दुसरा तडा गेला.

आपण शिकवतो ते कशासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर मिळाले ते नाव, मान आणि पद यांसाठी. सूफी संतांचे ग्रंथही त्यांनी वाचले होते. पण आरोग्याची व्याख्या पाठ असणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे, हे त्यांना कळून चुकले. वैद्य आजारी पडला, तर आरोग्याविषयीचे सारे ज्ञान डोक्यात असूनही तो आजारीच असतो. सुमारे सहा महिने मनाची ओढाताण चालली. सकाळी निघून जायचे ठरवावे आणि संध्याकाळी बेत मोडावा. अखेर एक दिवस वर्गात त्यांची जीभच उचलेना. विद्यार्थ्यांना निदान एक दिवस शिकवावे म्हणून त्यांनी जिवाचा आटापिटा केला, पण शब्द फुटेना. अन्नपाणी घशाखाली उतरेना. वैद्यांनी हात टेकले. हे दुखणे मनातून आले आहे, मनाचा भार उतरल्याशिवाय उपाय नाही, असे ते म्हणाले.

ज्यांची सारी कीर्ती वाणीवर उभी होती, त्यांची वाणीच गेली. दरोडेखोरांना नेता आली नाही ती विद्या आतच होती, पण ती कामाला येत नव्हती.

नोव्हेंबर 1095 मध्ये गझालींनी बगदाद सोडले. मुलाबाळांपुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली. धाकटे भाऊ अहमद यांनी मदरशातली जागा काही काळ सांभाळली. गझाली दमास्कसला गेले आणि तिथल्या उमय्या मशिदीच्या मिनारात स्वतःला कोंडून घेऊन ध्यानात दिवस घालवू लागले. पुढे जेरुसलेम, हेब्रॉन आणि मग हजयात्रा. हेब्रॉनला त्यांनी राजदरबारी न जाण्याची, राजाचा पैसा न घेण्याची आणि वादविवाद न करण्याची शपथ घेतली.

याच वर्षांत त्यांचा महाग्रंथ 'इह्या उल-उलूम' आकाराला आला. त्यात चाळीस प्रकरणे आहेत. रोज्यावरच्या प्रकरणात त्यांनी रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पोट उपाशी ठेवणे ही पहिली. डोळा, कान, जीभ, हात यांना वाईटापासून आवरणे ही दुसरी. मनालाच हलक्या विचारांपासून दूर ठेवणे ही तिसरी. कुरआन वाचण्याच्या रीतीवरचे प्रकरण याच तऱ्हेचे आहे. वाचनात जिभेचा वाटा वेगळा, बुद्धीचा वेगळा आणि हृदयाचा वेगळा, असे ते सांगतात. जिभेने अक्षरे नीट उच्चारावीत, बुद्धीने अर्थ लावावा आणि हृदयाने बोध घेऊन बदलावे.

समजण्याच्या आड काय येते, हेही त्यांनी नेमके टिपले आहे. सगळे लक्ष अक्षर घशातून काढायचे की दातांतून याकडेच लागले, तर अर्थ बाजूला राहतो. आपल्या पंथाचे ऐकीव मत घट्ट धरून बसले, तर नवे काही दिसत नाही. एक भाष्य वाचून आता याहून अधिक अर्थ नाहीच असे मानले, तर दारच बंद होते. त्यावर त्यांचे उपायही साधे आहेत. सावकाश वाचावे. एखादे वचन मनात भरत नसेल तर तेच पुन्हा वाचावे. आणि प्रत्येक ओळ आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे. जो नुसता वाचतच राहतो, त्याला ते राजाच्या सरदाराची उपमा देतात. राजाने पत्र पाठवून मुलूख वसवायला सांगितले. हा सरदार पत्र रोज कितीदा तरी वाचतो आणि मुलूख मात्र उजाड करत सुटतो.

पुढे हाच सारांश त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी फारसीत लिहिला. त्याचे नाव 'किमया-ए-सआदत', म्हणजे सुखाची किमया. मराठीतला किमया हा शब्द तोच. पुष्कळ ग्रंथ वाचून झालेल्या एका शिष्याने यातले नेमके काय कामाला येईल असे विचारले, तेव्हा गझालींनी त्याला लांबलचक पत्र लिहिले. रानातून जाणाऱ्या शूर माणसाजवळ दहा हिंदी तलवारी आहेत. समोर सिंह आला. तलवार उपसून चालवली नाही, तर त्या दहा तलवारींचा उपयोग काय? वाचलेल्याचेही तसेच आहे, असे त्या पत्रात ते समजावतात. भारतात घडलेल्या तलवारींची ख्याती तेव्हा तिथवर पोहोचली होती.

1106 मध्ये आग्रहाखातर त्यांनी काही काळ निशापूरला पुन्हा शिकवले. मात्र आपण परत आलो असे त्यांना वाटत नव्हते. पूर्वी मान मिळवून देणारी विद्या शिकवली, आता मान सोडायला लावणारी शिकवतो, एवढा फरक त्यांनी नोंदवून ठेवला. मग ते तूसला परतले. घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह उभारली. अखेरच्या दिवसांत त्यांनी हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे ग्रंथ हाती घेतले. या विषयात आपण कच्चे आहोत असे त्यांना वाटे. अवघे मुस्लिम जग ज्यांना इमाम म्हणत होते, ते पन्नाशी ओलांडल्यावर जाणकारांसमोर विद्यार्थी होऊन बसले.

डिसेंबर 1111 मध्ये, आपल्या गावीच, त्यांनी देह ठेवला. दरोडेखोर सरदाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. रमजानमध्ये कुरआन उघडणाऱ्यालाच नव्हे, तर गीता, ज्ञानेश्वरी, बायबल किंवा शाळेचे पुस्तक उघडणाऱ्या कोणालाही तो प्रश्न लागू आहे. पुस्तक मिटल्यावर आपल्यापाशी काय उरले?